कोरडा कठडा

११ जानेवारी

बुरशीबाई,

हे नाव तुला तुझ्या दादाने ठेवलं. आता ते चालवायचं काम माझ्याकडे आलं. मी फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू "जेवलीस का" विचारतेस, मी "हो" म्हणते, मग दोघी नाक ओढत बसतो आणि विचारायचं ते राहूनच जातं. कागदावर निदान नाक ओढलेलं ऐकू येत नाही.

तर ऐक. तुझा दादा आतड्याच्या ऑपरेशनला आत गेला आणि ऑपरेशन चांगलं झालं, हे तुला ठाऊक आहे. चौथ्या दिवशी उठून बसला आणि सिस्टरला म्हणाला, "तीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, पण स्वतः वर जायची घाई कधी केली नाही. आताही करणार नाही." सगळा वॉर्ड हसला. आठव्या दिवशी ताप भरला. औषधं बदलली, पुन्हा बदलली, ताप हटेना. मग रक्ताचा रिपोर्ट आला आणि मोठे डॉक्टर म्हणाले, रक्तात यीस्ट आहे. मी म्हटलं, पावात घालतात ते? ते म्हणाले, त्याचं चुलत भावंड समजा. बाविसाव्या दिवशी दादा गेला. पावाच्या चुलत भावाने धडधाकट माणूस नेला, हे मला अजून पचलेलं नाही.

तुला मी एकोणिसाव्या दिवशी कळवलं. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला, असं वाटत राहिलं. तू पोचलीस तेव्हा तो बोलत नव्हता. तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

आता खरं विचारायचं ते. एकोणीस वर्षं मी या हॉस्पिटलात सफाईची मुकादम आहे. दादा माझ्याच वॉर्डात होता. त्याची खाट मी कुणाला पुसू दिली नाही, स्वतः पुसली. डॉक्टर म्हणतात, हे यीस्ट खाटेच्या कठड्यावर, टेबलावर, सलाइनच्या दांड्यावर आठवडेच्या आठवडे बसून राहतं. दादाच्या आधी त्या खाटेवर एक आजोबा होते, त्यांनाही असाच ताप होता म्हणे. ते गेल्यावर खाट मीच पुसली. मग मी नेमकं काय पुसलं?

लॅबमधल्या बाई म्हणाल्या, दादाच्या रक्तातलं ते यीस्ट तुमच्या संस्थेत जपून ठेवायला पाठवलंय. तू जन्मभर हेच करत आलीस. तू बघ आणि मला सांग, माझ्या हातून झालं का? हो म्हणालीस तरी सोसेन. काहीच न कळणं मात्र सोसवत नाही.

तुझी,
वहिनी


१७ जानेवारी

वहिनी,

तुला एक गोष्ट मी सांगितलेली नाही, ती आधी सांगते. ती कुपी आमच्याकडे २० नोव्हेंबरला आली. मीच सही करून घेतली. आमच्याकडे येणाऱ्या कुपीवर माणसाचं नाव नसतं. "पुरुष, वय एकसष्ट, रक्त", खाली हॉस्पिटलचं नाव. मला वाटलं, अरे, हे तर वहिनीचं हॉस्पिटल. बरं वाटलं मला, खरंच. संध्याकाळी फोन करून तुला चिडवावं असं मनात आलं की बाई, तुमच्याकडून पाहुणा आलाय. मग दुसरं काम निघालं आणि राहून गेलं. तेव्हा दादा जिवंत होता. अजून सहा दिवस जिवंत होता.

म्हणून तुझ्यावर रागवायचा हक्क मला नाही. थोडा राग आहे, खोटं कशाला बोलू. पण तो माझ्या स्वतःवरच्या रागाच्या मागे रांगेत उभा आहे.

ते यीस्ट मी वाढवलं, मग दोन दिवस उपाशी ठेवलं, ग्लिसरीन घातलं आणि मिनिटाला एक अंश अशा चालीने गार करत उणे ऐंशीला नेऊन ठेवलं. उपाशी का, हे तुला सांगितलं पाहिजे, कारण तू जे विचारतेस ते त्यातच आहे. खाऊन-पिऊन जोमात वाढणारं यीस्ट थंडीत पटकन मरतं. हाल काढलेलं टिकतं. पोटाला कमी पडलं की ते वाढणं थांबवतं, बाहेरची भिंत जाड करतं आणि आत एक साखर साठवायला लागतं. ती साखर आतल्या नाजूक भागांना धरून ठेवते. पाणी सुकलं, बर्फ झाला, तरी ढासळू देत नाही. जहाल औषध आत शिरलं तर ते उपसून बाहेर टाकायला त्याच्याकडे पंप असतात. ना डोळा, ना मेंदू, आणि एवढी शहाणपणाची तयारी. नव्या लोकांना शिकवताना मी हे मोठ्या कौतुकाने सांगत असे. आता सांगवत नाही.

पण मी बघेन. तू पुसतेस कसं ते मला बारीकसारीक लिही. औषध कोणतं, किती पाण्यात, फडकं कसलं, किती वेळ, कुठून सुरुवात. मी इथे स्टीलच्या तुकड्यांवर दादाचं यीस्ट वाळवते आणि तू पुसतेस तसंच पुसून बघते. उरलेलं खाद्य घातलेल्या काचेच्या थाळीत टेकवायचं; जिवंत असेल तर वाढेल, पांढरे ठिपके दिसतील. मेलं तर थाळी कोरी राहील. यात मत, अंदाज काही नसतं.

जेवतेस ना? कागदावर विचारलंय, तेव्हा "हो" म्हणून सुटका नाही, काय जेवलीस ते लिही.

तुझी,
बुरशीबाई


२२ जानेवारी

बुरशीबाई,

भात आणि उरलेली भाजी. झालं समाधान?

तुझं २० नोव्हेंबरचं वाचलं. दोघींनी एकेक फोन केला नाही. दादा असता तर म्हणाला असता, तुम्हा दोघींना एकाच लिफ्टमध्ये कोंडून ठेवायला हवं.

आता पुसण्याचं. औषध निळं. स्टोअरमध्ये मोठा कॅन येतो, तिथे ते लोक आमच्या लहान बाटल्या भरून देतात. बाटलीवर नुसती निळी पट्टी, म्हणजे खाटांचं. पिवळी पट्टी संडासाचं. बादलीला दोन बुचं, आणि मी बुचानेच मोजते, डोळ्यांनी नाही. दर खाटेला नवं फडकं. डोक्याकडून पायाकडे, वरून खाली, कठडा आतून आणि बाहेरून, शेवटी चाकं. कठड्याच्या सांध्यात मी काडीला कापड गुंडाळून घालते. हे सगळं नियमात आहे.

नियमात नाही ते माझं दुसरं फडकं. औषध लावलं की लगोलग कोरड्या फडक्याने खडखडीत पुसून घ्यायचं. त्याचं कारण आहे. मी लागले त्या वर्षी एक म्हाताऱ्या बाई ओल्या कठड्याला धरून उठायला गेल्या. हात सटकला, खुब्याचं हाड मोडलं. कठडा मी नुकताच पुसलेला. त्या पुन्हा चालल्या नाहीत. त्यांचा मुलगा माझ्या बादलीकडे बघत राहिला. तेव्हापासून माझ्या वॉर्डात ओलं बोट उमटत नाही. "ओलं सोडलं ते काम नव्हे" हे मी माझ्या अकरा बायकांकडून घोकून घेतलंय. मागे त्या मला कोरडीबाई म्हणतात. मला कळतं, पण मी कळल्याचं दाखवत नाही.

दादाला तर तापात हुडहुडी भरायची. ओला कठडा हाताला लागला की दचकायचा. म्हणून त्याचा कठडा मी दिवसातून तीनदा पुसायची आणि तिन्ही वेळा पंजा फिरवून बघायची, कुठे गार लागत नाही ना. मग त्याचा हात उचलून पुन्हा कठड्यावर ठेवायची. त्याला कठडा धरून पडून राहायला आवडायचं.

एवढंच. याहून जास्त मी केलं नाही, कमीही केलं नाही. आता तुझ्या थाळ्या काय सांगतात ते मला सांग. आणि हे बघ, मला गोडगोड नको. माझं आयुष्य डाग शोधण्यात गेलं, तुझ्या अक्षरातही मला दिसेल.

तुझी,
वहिनी


९ फेब्रुवारी

वहिनी,

उशीर झाला. एकदा करून भागत नाही, तीनदा करावं लागतं. तीनदा केलं.

हे यीस्ट फार चिवट निघालं. सुकल्यावर त्याच्या पेशी एकमेकींना चिकटून गठ्ठा करून बसतात. बाहेरच्या मरतात आणि आतल्यांना आडोसा होतो. त्यातून ते आधीच उपासमार काढलेलं, म्हणजे साखर साठवून, भिंत जाड करून तयार. निळं औषध लावलं, तू लिहिलंस तसंच पुसलं, तरी ठिपके आले. ते औषधच त्याला पुरत नाही. तुझ्या जागी कुणीही असतं, कसंही पुसलं असतं, तरी ते उरलंच असतं. दादाच्या पोटात नळी होती, हातात सुई होती, अंगात ताकद नव्हती. यीस्टला एवढं पुरतं.

तुझ्या हातून झालेलं नाही. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिते आहे. हे पत्र जपून ठेव आणि मनात येईल तेव्हा काढून वाच. आता त्या विचाराला घरातून बाहेर काढ, वहिनी. पुरे झालं.

तुझी,
बुरशीबाई


१४ फेब्रुवारी

बुरशीबाई,

तुझं पत्र मी जपून ठेवलं नाही. भिंतीवर लावलंय, सफाईच्या खोलीत, कपाटाशेजारी. येता-जाता दिसतं.

काय सांगू तुला. पत्र वाचलं आणि त्या दिवशी मी दुपारी झोपले ती दिवेलागणीला उठले. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना चप्पल घालता घालता तुझ्या दादाशी भांडले. मनातल्या मनात, पण चांगली कडाकडा. म्हटलं, पोटात दुखत होतं तर वर्षभर का लपवलंस? आधी दाखवलं असतंस तर इतकं मोठं ऑपरेशन लागलं नसतं. तो गेल्यापासून पहिल्यांदा भांडले. इतके दिवस हिंमतच नव्हती. ज्याच्या डोक्यावर गुन्हा आहे तो दुसऱ्याशी भांडणार कशाच्या जोरावर? तू तो उतरवलास.

बायका जमून पत्र वाचतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना दुसऱ्या वाचून दाखवतात. दादा गेल्यापासून त्या माझ्याशी जपून बोलायच्या, आता पुन्हा मागे कोरडीबाई म्हणायला लागल्या. मेट्रनबाईंनीही पत्र वाचलं. म्हणाल्या, शास्त्रज्ञच सांगतायत की आपल्या सफाईत खोट नव्हती, आणखी काय हवं? वरच्या दोन वॉर्डांत रुग्ण घसरायच्या तक्रारी आहेत, म्हणून तिथेही माझी दोन फडक्यांची पद्धत लावायची ठरलं. मी या आठवड्यात सगळ्यांना शिकवते आहे. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणी म्हणालं, "तुम्ही करता तसं करून दाखवा."

दादाला सांगायला हवं होतं. तो म्हणाला असता, बढती झाली, आता वरच्या मजल्यावर.

तुझी,
वहिनी


२३ फेब्रुवारी

वहिनी,

घाईत लिहिते आहे. ते पत्र भिंतीवरून काढ. घरातलं पत्र आहे, घरात ठेव.

दुसरं म्हणजे, माझ्या वाचनात आलं की खाटांचं औषध लावल्यावर दहा मिनिटं ओलं राहू द्यावं, मग हवं तर पुसावं. तेवढं कर. दुसरं फडकं थांबव, वरच्या वॉर्डांतही थांबव. कारण विचारू नकोस, पण कर.

तुझी,
बुरशीबाई


२७ फेब्रुवारी

बुरशीबाई,

कारण विचारू नकोस, हे कसलं बोलणं? लहानपणी मी तुझी वेणी घालायची तेव्हा "घट्ट का?" म्हणून तू प्रत्येक पेडाला विचारायचीस.

अगं, तूच लिहिलंस की कसंही पुसलं तरी ते मरत नाही. मग दहा मिनिटं ओलं ठेवून काय मिळणार? हाडं तेवढी मोडतील. मी मेट्रनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पंधरवड्यापूर्वी एक आणि आता दुसरं, आणि "वाचनात आलं" म्हणजे कुणाच्या, कुठे? तेव्हा आम्ही आहे तसंच चालू ठेवलंय. पत्र काढलं मात्र, तुझ्या शब्दाखातर.

खरं सांगू का, तुझीच काळजी वाटते. दोनदा फोन केला, उचलला नाहीस. दादा गेला तो माझा नवरा होता तसा तुझा भाऊ होता, हे मी माझ्या दुःखात विसरूनच गेले. तू दिवसभर ती कुपी समोर घेऊन बसतेस, डोक्याचं भजं होणार नाही तर काय? चार दिवस रजा काढ आणि इकडे ये. काही करायचं नाही, नुसतं बसायचं.

तुझी,
वहिनी


१६ मार्च

वहिनी,

परवा तुमच्या हॉस्पिटलातून दुसरी कुपी आली. "स्त्री, वय चौतीस, रक्त." वॉर्ड वरच्या मजल्यावरचा. दादाच्या यीस्टशी जुळवून पाहिलं. तेच आहे.

मी तुला खोटं लिहिलं.

थाळ्यांनी सांगितलं ते हे. औषध लावून लगेच कोरडं पुसलं, तर दर थाळीत शेकड्यांनी ठिपके. तुझ्या दुसऱ्या, कोरड्या फडक्यावरही ते जिवंत होतं. औषध लावून दहा मिनिटं ओलं राहू दिलं, तर बाराच्या बारा थाळ्या कोऱ्या. एकही ठिपका नाही. तुमच्या स्टोअरला नाव विचारून मी त्याच औषधाचा कॅन बनवणाऱ्यांकडून मागवला होता. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलंय, दहा मिनिटं ओलं राहू द्या. तुमच्या बाटल्यांवर ते कुणी उतरवलं नाही. तुला कुणी सांगितलं नाही. चूक तिथे सुरू झाली, पण पोचली मात्र तुझ्या फडक्यापर्यंत.

औषधाला वेळ लागतो, वहिनी. जाड भिंत भिजायला, आत शिरायला, पंप दमायला वेळ लागतो. मिनिटभरात पुसलं की त्याला नुसता धक्का बसतो, आणि धक्के खाऊन टिकणं हेच तर त्याला येतं.

दादाला ते कठड्यावरूनच लागलं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. नळीतून आलं असेल, कुणाच्या हातावरून आलं असेल. पण कठड्याचा रस्ता उघडा होता. तो बंद कसा करायचा हे मला ६ फेब्रुवारीला कळलं, आणि ९ फेब्रुवारीला मी तुला उलटं लिहिलं.

का, तर तुझं २२ जानेवारीचं पत्र. त्यात तू पंजा फिरवून बघायचीस आणि त्याचा हात उचलून पुन्हा कठड्यावर ठेवायचीस. मी उत्तर लिहायला बसायची आणि त्या ओळीपाशी अडायची. मला वाटलं, हे कळलं तर तू उरणार नाहीस. दादा गेला, आता तूही जाशील. मग तू लिहिलंस की पद्धत वर नेली. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी "वाचनात आलं" अशी पळवाट काढली, आणि तू विचारलंस तर गप्प बसले. एका भित्र्या माणसाने एका दुःखी माणसाला फसवलं, आणि मध्ये तिसरंच कुणीतरी सापडलं.

पत्राला दिवस लागतील, म्हणून आज सकाळी तुमच्या मोठ्या डॉक्टरांना फोन करून सगळे आकडे दिले. तुला फोन लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला.

त्या बाई कशा आहेत?

तुझी नणंद


२ एप्रिल

वन्सं,

तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी मला सगळं कळलं, मेट्रनबाईंच्या टेबलासमोर उभं राहून. डॉक्टर सांगत होते आणि मी त्यांच्या टेबलाची काच बघत होते. त्यावर चहाचा गोल डाग होता.

घरी येऊन दादाच्या खाटेशी मी काय काय केलं ते सगळं पुन्हा केलं, मनात. तीनदा पुसणं, पंजा, त्याचा हात. बावीस दिवसांतला एकेक दिवस काढला. तू म्हणतेस छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तू शास्त्रवाली आहेस, तुला तसं म्हणावं लागतं. मला कळायचं ते कळलं. रडले खूप. तुला ते सांगायला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्ही वॉर्डांतल्या बायकांना एका खोलीत बसवलं. म्हटलं, एकोणीस वर्षं मी तुम्हाला चुकीचं शिकवलं, आजपासून दुसरं फडकं बंद. औषध लावायचं आणि घड्याळ बघत दहा मिनिटं तिथेच खुर्ची टाकून बसायचं. रुग्णाचा हात पांघरुणावर धरून ठेवायचा, म्हणजे ओल्या कठड्याला जाणार नाही, घसरणार नाही. इतकं साधं होतं, आणि मला इतक्या वर्षांत सुचलं नाही. एकजण म्हणाली, "मुकादमबाई, बाटलीवर लिहिलं नव्हतं, तुमचा काय दोष?" म्हटलं, दोष वाटून घेऊ, भरपूर आहे, सगळ्यांना पुरेल. मीही तुझं मागचं पत्र धुडकावलं, माझा वाटा मोठा आहे.

तू माझ्या जिवासाठी खोटं बोललीस, हे मला समजतं. म्हणूनच जास्त लागलं. गोडगोड नको असं मी स्पष्ट लिहिलं होतं. तुला वाटलं मी मोडेन. मोडलेच असते गं. पण मोडलेली बाई हातातलं फडकं तरी खाली ठेवते. तू मला धीर देऊन पुन्हा कामाला लावलंस.

त्या बाई ३१ मार्चला गेल्या. ४ मार्चला दाखल झाल्या होत्या, पित्ताशयाच्या साध्या ऑपरेशनला. पुस्तकं बांधायचं काम करायच्या. हॉस्पिटलसमोरचं चष्म्याचं दुकान त्यांच्या नवऱ्याचं. मला माझा चष्मा त्यानेच करून दिला होता.

काल मी त्याच्या दुकानात गेले. मेट्रनबाई म्हणाल्या, जाऊ नका, ते डॉक्टर बघतील. मी गेले. तो काउंटरच्या मागे बसून एकाच भिंगाला फुंकर घालून पुसत होता, पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, मी सफाईची मुकादम. तुमच्या बायकोची खाट ज्या पद्धतीने पुसली ती मी शिकवलेली. ती चुकीची होती. त्याने भिंग खाली ठेवलं. ओरडेल म्हणून मी दाराजवळच उभी होते.

त्याने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?" मी म्हटलं, चौदा दिवसांपूर्वी, तेव्हा त्यांना ताप आधीच भरला होता. तो म्हणाला, "आणि ज्यांनी शोधून काढलं, त्यांना कधी?"

मला तारीख माहीत आहे. तुझ्याच अक्षरात माझ्या पर्समध्ये होती. ६ फेब्रुवारी. त्या बाई दाखल होण्याआधी सव्वीस दिवस. पण मी ती सांगितली नाही. तुला वाचवायला गप्प बसले असं समजू नकोस, असल्या वाचवण्याने काय होतं ते आपण दोघींनी बघितलं. ते उत्तर माझं नव्हे, म्हणून गप्प बसले. त्याला म्हटलं, ज्यांना माहीत आहे त्या येऊन सांगतील.

तेव्हा ये. सकाळच्या गाडीने ये म्हणजे दुकान उघडं असेल. मी तुझ्याबरोबर आत येईन, पण बोलायचं तू. घरी तुझी गादी घालून ठेवते, दोघींचा स्वयंपाकही करते. पण आधी त्याच्याकडे जायचं, मग घरी.

वहिनी